नस सापडेना

जोतिबाची चैत्र यात्रा झाली की आमच्याकडे हर्नियाची ऑपरेशनं वाढतात. गुऱ्हाळं बंद झालेली असतात, ऊस गेलेला असतो, माणसाला आठ दिवस पडून राहायला सवड मिळते. अशाच एका साठीच्या शेतकऱ्याचं ऑपरेशन केलं होतं. घरी सोडायच्या दिवशी त्याचा थोरला मुलगा औषधांची चिठ्ठी समजून घ्यायला केबिनमध्ये आला आणि समजून झाल्यावरही उभाच राहिला. मागे बघून दार लोटलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जाडजूड फाइल टेबलावर ठेवली.

"तुमच्या लाइनीतलं न्हाई हे डॉक्टर. पण एकदा बघता का?"

फाइलवर नाव बायकोचं होतं.

त्या दोघांच्या संमतीने हे प्रकरण लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही. तो घरच्या गुऱ्हाळावर स्वतः गूळ बनवतो, म्हणून त्याला गुळव्याच म्हणतो. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ज्याला नजरेने कळतं तो गुळव्या. वय ३१. बायको २७ वर्षांची, त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या कोल्हापूर भागात हे नातं नेहमीचंच, पण या प्रकरणात ते पुढे महत्त्वाचं ठरलं. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, आयव्हीएफवालाही नाही. तालुक्याच्या गावातला जनरल सर्जन. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध आणि उमेदीच्या काळात शिबिरांमधून केलेल्या पुरुषांच्या शेकडो नसबंद्या. या शेवटच्या गोष्टीचा इथे उपयोग झाला.

फाइल तारखेप्रमाणे लावलेली होती, त्यामुळे ती वाचणं म्हणजे त्या बाईची सहा वर्षं वाचणंच होतं. सोनोग्राफ्या मोजता मोजता सोडून दिल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर. अंडं कधी फुटतं ते बघायला एकाआड एक दिवस तालुक्याला घातलेल्या खेपा, तेही पाच महिने. नळ्या मोकळ्या आहेत का बघायला औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्या दिवशी ती टेबलावरच चक्कर येऊन पडली, असं गुळव्या म्हणाला. मग पूर्ण भूल देऊन दुर्बिणीची तपासणी. सगळं नॉर्मल. शेवटी चौथ्या वर्षी कुणीतरी आययूआय करू म्हणालं, म्हणजे नवऱ्याचं वीर्य धुऊन गर्भाशयात सोडायचं. त्यासाठी नवऱ्याचा नमुना लागला, आणि तेव्हा कुठे फाइलमध्ये त्याचा पहिला कागद आला.

म्हणजे नवऱ्याला तपासायला हवं म्हणून तपासलेलंच नव्हतं. प्रोसिजरला माल लागतो म्हणून मागितला होता.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूला काहीतरी कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला. वीर्यतपासणीत सुई नाही, भूल नाही, चिरा नाही. अख्ख्या फाइलमध्ये सगळ्यात स्वस्त तपासणी तीच होती. चार वर्षं का थांबलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "घरात कुणी आडवं आलं न्हाई डॉक्टर. मीच म्हणायचो, मला काय झालंय? सगळं व्यवस्थित हाय. आन् तिथंबी कुणी म्हणालं न्हाई तुम्ही या म्हणून." दोष नेमका दोन ठिकाणी पडतो आणि त्याने तो दोन्हीकडे प्रामाणिकपणे वाटून दिला.

"सगळं व्यवस्थित हाय" याचा अर्थ संबंध येतात, वीर्य येतं. आमच्याकडे नव्वद टक्के पुरुषांची परीक्षा इथेच संपते. पण वीर्य आणि शुक्राणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्यातलं बरंचसं पाणी वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतं; वृषणातून येणारा वाटा अगदी थोडा. नसबंदी केलेल्या माणसाला म्हणूनच फरक जाणवत नाही. शिबिरात प्रत्येकाला हे दहादा सांगावं लागायचं, तरी मंडळी घाबरायचीच.

पहिल्या रिपोर्टखाली ठळक अक्षरांत होतं: अझूस्पर्मिया. शुक्राणू निल. चार महिन्यांनी परत केलेला रिपोर्टही तसाच. त्यानंतरची दीड-पावणेदोन वर्षं गोळ्यांची: ताकदीच्या पुड्या, झिंक, अश्वगंधा, बायकांना अंडं तयार होण्यासाठी देतात त्याच गोळीचा छोटा डोस. आणि सल्ला. "भट्टीपाशी काम करता ना? उष्णतेनं बी जळालंय." हे निदान त्याला इतकं पटलं होतं की त्याने दोन हंगाम चुलवाणाकडे, म्हणजे भट्टीकडे, जाणंच बंद केलं आणि भट्टीत जळण घालणाऱ्या जळव्याच्या जोडीला गडी ठेवला.

उष्णतेची गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गाने ते बाहेर टांगलेत. भट्टीजवळ तासन्‌तास काम करणाऱ्यांचा काउंट कमी होऊ शकतो. पण शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर पडेपर्यंत आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे तीनेक महिन्यांपूर्वी काय झालं ते आजच्या नमुन्यात दिसतं. मी दुसऱ्या रिपोर्टची तारीख पाहिली: ऑगस्टचा शेवट. गुऱ्हाळ मार्चमध्येच बंद झालेलं. पाच महिने हा माणूस भट्टीपासून लांब होता, पावसात भाताची लावण करत होता. आणि भट्टीची धग काउंट खाली आणेल, पण लाखोंच्या जागी एकही नाही असं सहसा करणार नाही. तारखेकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

वरच्या ओळींकडेही कुणी पाहिलं नव्हतं.

वीर्याच्या रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर थेट काउंटवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अशी दिलीय: प्रमाण १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हे पासाचे गुण नव्हेत, हे रुग्णांना सारखं सांगावं लागतं. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने घेऊन त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांपाशी ही रेघ ओढलीय. रेघेखाली असूनही बाप झालेले आहेत, वर असूनही न झालेले आहेत.

गुळव्याच्या पहिल्या रिपोर्टवर काउंटच्या वर लिहिलं होतं: प्रमाण ०.६ मिली. रंग पाण्यासारखा. गोठणं नाही. पीएच ६.४.

दहा-बारा थेंब असतील-नसतील तेवढं वीर्य, तेही आंबट. पीएच ७.२ किंवा त्याहून वर असायला हवा, कारण वीर्यकोशाचा रस अल्कधर्मी असतो आणि प्रोस्टेटचा आम्लाकडे झुकणारा. बाहेर पडल्यावर वीर्य आधी गोठतं आणि मग सुटं होतं. गोठवणारा पदार्थही वीर्यकोशातलाच. तेव्हा या चार ओळी एकच सांगत होत्या: इथे फक्त प्रोस्टेटचं पाणी आलंय, वीर्यकोशाचा रस आलेलाच नाही. नुसती नस, म्हणजे वृषणातून शुक्राणू वाहून नेणारी नळी, तुंबली असती, तर नसबंदीवाल्यासारखं प्रमाण नेहमीइतकं भरलं असतं.

मग याकडे दुर्लक्ष कसं झालं? उत्तर गुळव्यानेच दिलं. लॅबमध्ये नमुना द्यायला त्याला जिना संपतो तिथल्या संडासात पाठवलं होतं. कडी मोडकी, बाहेर रक्त द्यायला आलेल्या बायका बसलेल्या, त्यातच कुणीतरी दार ठोठावलं. एवढासाच नमुना बघून लॅबवाला म्हणाला, सांडलं वाटतं. हाही म्हणाला, सांडलं असंल. आणि तो शेरा पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या डोक्यात जाऊन बसला. शंका रास्त आहे, नमुना कमी येण्याचं पहिलं कारण अर्धवट गोळा होणं हेच असतं. पण मग नमुना परत नीट घ्यायचा. "सांडलं" हे काही निदान नाही.

मी त्याला कोचावर घेतलं नाही, उभं केलं. दुपारची वेळ होती, खोली उबदार होती. थंडीत पिशवी आक्रसते आणि काही हाताला लागत नाही. पँट उतरव म्हटल्यावर तो थबकला. "हितं तपासायचं असतंय?" सहा वर्षांत, दोन निल रिपोर्टांनंतर, या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी हात लावून तपासत होतं.

वृषण चांगले भरदार. दोऱ्यात ओवलेल्या मण्यांची माळ असते आमच्याकडे, १ ते २५ मिलीचे मणी, चिमटीत धरून तुलना करायची. दोन्ही बाजूंना २० च्या मण्याशी जुळले. कारखाना बंद असता तर ते लहान, मऊ लागले असते. वृषणाच्या वरच्या टोकाला टोपीसारखी जी नळ्यांची गुंडाळी असते, ती फुगलेली लागली, आणि खाली जाताना मध्येच संपली. मग मी नस शोधायला लागलो.

नसबंदी शिकवताना पहिला धडा हाच: तीन बोटांची पकड. मधलं बोट मागून, अंगठा आणि तर्जनी पुढून. कातडीखाली बाकीच्या शिरा मऊ, निसटत्या असतात. त्यांच्यामध्ये एक कडक, ताठ दोरी बोटांखालून टुणकन सरकते, ओल्या सुतळीसारखी. एकदा हाताला ओळख झाली की डोळे मिटून सापडते. डावीकडे सापडली नाही. उजवीकडे सापडली नाही. मी पुन्हा डावीकडे आलो. पाच मिनिटं झाली असतील, गुळव्या छताकडे बघत उभा.

स्वतःवर फार विश्वास ठेवू नये म्हणून शेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये असलेल्या माझ्या ज्युनिअर डॉक्टरला बोलावलं. फाइल दाखवली नाही, एवढंच म्हटलं: "ह्यांची नसबंदी करायचीय, नस धरून दाखव." त्याने धरायला घेतली. डावीकडे, मग उजवीकडे. मग माझ्याकडे बघितलं. "सर, ह्यांची नस कुठाय?"

जन्मतःच दोन्ही वीर्यवाहिन्या नसणं. इंग्रजी आद्याक्षरांनी याला सीबीएव्हीडी म्हणतात. वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांपैकी शंभरात एखाद-दुसरा असा निघतो, त्यामुळे फार दुर्मीळ म्हणता येत नाही. आणि त्याचं निदान यंत्रावर होत नाही, बोटांनी होतं. अडचण अशी की ही बोटं शिकणार कुठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के निघाली. आणीबाणीनंतर पुरुष जे या ऑपरेशनापासून पळाले ते परत आलेच नाहीत. आजचा तरुण सर्जन दहा-पंधरा नसबंद्या करून पास होतो, काही जण तेवढ्याही नाही. हाताला जी दोरी माहीतच नाही, तिचं नसणं कसं कळणार? हे लिहिताना मी किती जणांना नस न चाचपता पुढच्या गावी पाठवलं असेल, हाही विचार मनात येतो.

खात्री करणं बाकी होतं. तीन दिवस संबंध नको, असं सांगून नमुना आमच्याच इथे घेतला, कडी लागणाऱ्या खोलीत, घाई न करता. रुंद तोंडाची डबी, साबण-तेल काही नाही. सुरुवातीचा थेंब सांडला तर लगेच सांग, लपवू नकोस. लॅब दहा पावलांवर. लगोलग लघवीचाही नमुना घेतला, कारण कधी कधी वीर्य उलटं मूत्राशयात जातं, मधुमेह्यांत विशेषतः. लघवीत काही नव्हतं. डबीत ०.५ मिली. पीएचची पट्टी बुडवली, ती हिरवी व्हायच्याऐवजी पिवळीच राहिली. नमुना यंत्रात फिरवून तळाला बसलेला साका काचेवर घेतला. एकही शुक्राणू नाही.

मग फ्रुक्टोज. वीर्यकोशाच्या रसात ही साखर असते. रिसॉर्सिनॉलचं द्रावण घालून नळी उकळत्या पाण्यात धरली की साखर असेल तर रंग लालसर-नारिंगी होतो. आमच्या लॅबवाल्याने शेजारी दुसरा एक नॉर्मल नमुनाही लावला होता. ती नळी मिनिटभरात गुलबाक्षी-केशरी झाली. गुळव्याची पाण्यासारखीच राहिली. तो खिडकीतून बघत होता. साखर तयार झाली की नाही हे रंगावरून ठरवणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. फक्त म्हणाला, "माझ्यात साखरच न्हाई."

रक्तात एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक, ४.१. नॉर्मल. वृषणांनी काम बंद केलं असतं तर मेंदू ओरडून ओरडून हा आकडा वर नेतो. टेस्टोस्टेरॉनही उत्तम. म्हणजे कारखाना चालू आहे, माल तयार होतोय. मी हे आडवळणाने सांगत होतो तर त्याने मधेच तोडलं: "म्हंजे गूळ हाय, वाहतूक बंद." बरोबर. आणि रस्ता नुसता तुंबलेला नाही, बांधलेलाच नाही. नसबंदी झालेल्याची नस परत जोडता येते, कारण दोन टोकं शाबूत असतात. इथे जोडायला टोकंच नाहीत. दीड वर्षाच्या पुड्यांनी रस्ता कसा होणार होता?

इथे थांबलो असतो तर अर्धं काम झालं असतं. पुढच्या दोन गोष्टी बहुतेक वेळा राहून जातात.

पहिली, किडन्या. गर्भात असताना नस ज्या नळीपासून घडते, तिलाच फुटलेल्या कोंबापासून मूत्रनलिका होते आणि तोच कोंब किडनीला वाढायला लावतो. म्हणून नस नसलेल्यांपैकी काहींना एकच किडनी असते, आणि त्यांना ते माहीत नसतं. सोनोग्राफीत गुळव्याच्या दोन्ही निघाल्या. गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत डावा वीर्यकोश नव्हताच, उजवा नावापुरता.

दुसरी, जनुक. दोन्ही किडन्या असतील तर या विकारामागे बहुतेकदा सीएफटीआर नावाचं जनुक असतं, सातव्या गुणसूत्रावरचं, १९८९ साली सापडलेलं. पेशींतून मीठ-पाण्याची ये-जा ज्या दरवाजातून होते, तो हे जनुक बनवतं. आई आणि बाप दोघांकडूनही त्याची गंभीर बिघाडाची प्रत आली तर सिस्टिक फायब्रोसिस होतो: फुप्फुसात घट्ट कफ, वारंवार न्यूमोनिया, पचन बिघडलेलं, घाम खारट. एक प्रत गंभीर आणि दुसरी सौम्य असेल तर माणूस सहसा धडधाकट राहतो, फक्त ही नाजूक नळी गर्भातच तुंबून नाहीशी होते.

हे ऐकून त्याची आई म्हणाली की याच्या बनियनवर लहानपणापासून मिठाचे पांढरे डाग पडतात, आणि सर्दी बारमाही. गोष्ट सांगायला फार छान जुळतं हे. पण चुलवाणापाशी उभ्या राहणाऱ्या कुणाच्या बनियनवर डाग पडत नाहीत? चिपाडाच्या धुरात कुणाचं नाक वाहत नाही? मी दोन्ही लिहून घेतलं आणि त्यावरून काही ठरवलं नाही. रक्त पाठवलं.

बायकोचं रक्तही त्याच दिवशी पाठवायचा आग्रह धरला, आणि इथे मामाची मुलगी असणं आलं. त्याच्या दोन बिघडलेल्या प्रतींपैकी एक आईकडून आलेली असणार. आईचा सख्खा भाऊ, म्हणजे त्याचा मामा, तीच प्रत बाळगून असण्याची शक्यता निम्मी. मामाच्या मुलीकडे ती उतरल्याची शक्यता त्याच्याही निम्मी. म्हणजे चारात एक. आणि आईकडून आलेली प्रत गंभीर असली आणि तीच सुनेकडेही निघाली, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता चारात एक. मूल होत नाही तोवर हा प्रश्न झाकलेला होता. शुक्राणू सुईने काढून मूल व्हायची वाट आपण उघडणार, तर त्याआधी हे विचारायलाच हवं.

चार आठवड्यांनी रिपोर्ट आला. गुळव्या: एका प्रतीवर एफ-५०८-डेल, हा युरोपात सर्वाधिक आढळणारा गंभीर बदल, आपल्याकडे तितका नाही पण सापडतो. दुसऱ्या प्रतीवर ५-टी, सौम्य, आपल्याकडच्या अशा पुरुषांत बऱ्याचदा दिसणारा. बायको: एका प्रतीवर ५-टी. दुसरी प्रत निरोगी.

त्या दिवशी तिघंही आली होती: तो, ती आणि तिची सासू. सासूला ती आत्याच म्हणते. सुनेच्या पोटाकडे बघून गावात कोण काय बोलतं ते आत्याने पाच वर्षं ऐकलं होतं, पण भावाचीच लेक असल्याने तोंडातून वावगा शब्द काढला नव्हता. आज मात्र ती थेट म्हणाली, "म्हंजे माझ्या माहेरचंच रगात का ओ डॉक्टर?" मी म्हटलं, निम्मं तुमचं असेल, निम्मं तुमच्या मालकांचं, आणि तुमच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. तिने पदर डोळ्यांना लावला, मग सुनेचा हात हातात घेतला. सुनेने तो घेऊ दिला, पण बोलली नाही.

ती बोलली ते नंतर, आत्या आणि नवरा बाहेर बिल भरायला गेल्यावर. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी ह्यांना बाहेर बसवून तिला एकटीला आत घेतलं होतं. सांगितलं होतं, ह्यांच्यात काही नाही, दुसऱ्याचं वापरू, नवऱ्याला सांगायची गरज नाही, आययूआयच आहे म्हणायचं. ती उठून आली होती. "कुणाला सांगनार? ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी जीव दिला असता." दोन वर्षं ती हे एकटीच घेऊन फिरत होती.

दात्याचं वीर्य वापरण्यात गैर काहीच नाही. कित्येक घरं त्यानेच भरलीत. पण २०२१ च्या सहाय्यक पुनरुत्पादन कायद्याने ते नोंदणीकृत बँकेतूनच यावं लागतं, दाता २१ ते ५५ वयाचा आणि तपासलेला असावा लागतो, आणि लेखी संमती दोघांचीही लागते. नवऱ्याला बाहेर बसवून हे होत नाही. आणि ज्याचा स्वतःचा माल वृषणात तयार आहे, त्याच्या बायकोला हे सांगण्याआधी कुणीतरी त्याची पँट उतरवून तपासायला हवं होतं.

आता आकडे. त्याच्या दोन प्रती, तिच्या दोन. मुलाला एफ-५०८-डेल आणि ५-टी अशी जोडी मिळण्याची शक्यता चारात एक, दोन्ही ५-टी मिळण्याचीही चारात एक. मुलगी असेल तर बहुधा काहीच जाणवणार नाही. मुलगा असेल तर नस नसण्याची शक्यता, तीही प्रत्येकात नाही. ५-टीच्या शेजारची अक्षरं किती वेळा पुन्हा येतात त्यावर ते अवलंबून असतं. सिस्टिक फायब्रोसिसचा पूर्ण आजार या जोडीत होण्याची भीती जवळजवळ नाही, क्वचित फुप्फुसाचा सौम्य त्रास. गर्भ आधी तपासून निवडता येतो, त्याची सोय मोठ्या शहरात आहे, खर्च मोठा आहे.

गुळव्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वाईटात वाईट माझ्यासारखा होईल."

"हो. वाईटात वाईट तुझ्यासारखा."

"मग काय? मी हाय की चांगला." मग बायकोकडे वळून, "चालंल न्हवं?" मी ओळखत होतो त्या तीन महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली. गर्भतपासणी त्यांनी नको म्हटलं. मी त्यांचा निर्णय कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. माझं मत विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो, पण विचारलं नाही.

पुढचं काम माझं नव्हतं. शहरातल्या नोंदणीकृत केंद्रात पाठवलं. एकेक शुक्राणू काचेच्या सुईने अंड्यात सोडायची पद्धत, इक्सी, हिच्या जोरावर पहिली बाळं १९९२ साली ब्रसेल्सच्या गटाने जगाला दाखवली. त्याआधी अशा पुरुषापुढे दाता किंवा दत्तक एवढीच वाट होती. तिला इंजेक्शनं सुरू झाली, पुन्हा तिलाच. दोष नवऱ्याच्या नळीत आणि सुया बायकोच्या पोटात, हा या उपचाराचा अन्याय कुठल्याही तंत्राने अजून मिटलेला नाही.

त्याची बाजू वीस मिनिटांत झाली. जागेवर भूल, वृषणाच्या वरच्या त्या फुगलेल्या टोपीत बारीक सुई, सिरिंजमध्ये दुधाळ थेंब. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करणाऱ्या, बाईंनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. बरेचसे जागच्या जागी वळवळत होते, काही सरळ पुढे निघाले होते. गुळव्या हिरव्या गाउनमध्ये स्ट्रेचरवर कोपरावर उठून बघत राहिला.

"किती हायत?"

"मोजायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "अंडी नऊच आहेत."

पहिल्या वेळी गर्भ रुजला नाही. गोठवून ठेवलेल्यांपैकी एक तीन महिन्यांनी सोडला, तो रुजला. हे लिहितोय तेव्हा तिला सातवा महिना आहे. सोनोग्राफीवाल्याला मुलगा का मुलगी हे विचारायची कायद्याने सोय नाही. आणि आत्या, जिला सगळ्यात जास्त उत्सुकता असायला हवी, ती म्हणते कळायला नकोच.

मागच्या आठवड्यात गुळव्या परत आला, सोबत धाकटा भाऊ. वय २५. त्याच्यासाठी मामाच्या धाकट्या मुलीची, म्हणजे हिच्याच बहिणीची, बोलणी चालली होती. धाकटा लाजून लाल. थोरल्याने दार स्वतः लोटलं आणि त्याला दरडावलं, "काढ की पँट, डॉक्टरास्नी बघू दे."

एकाच आईबापांची मुलं. थोरल्याच्या दोन्ही प्रती धाकट्याकडेही आल्या असण्याची शक्यता चारात एक. खोली उबदार होती. मी डावीकडे तीन बोटं लावली. सुतळी टुणकन सरकली. उजवीकडचीही. थोरल्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

नस असली म्हणजे एखादी बिघडलेली प्रत नाहीच असं होत नाही, म्हणून धाकट्याचं आणि त्या मुलीचं रक्त पाठवलंय. रिपोर्ट यायला चार आठवडे. बोलणी तोवर थांबवलीत, मोडलेली नाहीत, असा आत्याचा निरोप आहे.